पिल्लू रात्री ठणठणीत, सकाळी मेलेलं. कशाने गेलं असेल?

अंगणवेल:
नमस्कार मंडळी. एका पिल्लासाठी धागा कशाला असं वाटेल कुणाला, पण सकाळपासून लेक मुसमुसतेय, सासरे "होतं असं, कोंबडीच ती" म्हणून मोकळे झालेत आणि माझ्या डोक्यातून काही जात नाहीये. आम्ही मखमलाबादला राहतो, मागे थोडं अंगण आहे. सुरगाण्याच्या मावशींनी (सासूबाईंची बहीण) गावरान अंडी पाठवली होती, दिराने छोटं इनक्युबेटर मशीन आणलंय त्यात लावली, डझनभर पिल्लं निघाली, सगळी मस्त. आता आठ-नऊ दिवसांची झालीत. मोठ्या खोक्यात भाताचं तूस, वर बल्ब, खायला चिक स्टार्टर, पाण्याला लहान ड्रिंकर. काल झोपायच्या आधी बघितलं तर सगळी टिपत होती, त्यात ठिपक्या पण (नाव लेकीने ठेवलेलं). सकाळी बघते तर पाय ताणून आडवं, थंडगार, आणि बाकीची त्याच्या अंगावरून पळतायत. रक्त नाही, जखम नाही, वर जाळी आहे त्यामुळे मांजर-उंदीर शक्य नाही. काय झालं असेल? आणि खरी धास्ती ही की बाकीची पण जाणार का?

थंडगार_निफाड:
थंडी, दुसरं काय असणार जानेवारीत. आमच्याकडे निफाडला पारा कधी कधी पाचाच्या खाली जातो, तुमच्या मखमलाबादला पण पहाटे कमी नसतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ९५ फॅरनहाइट म्हणजे ३५ सेल्सिअस लागतं, मग दर आठवड्याला पाच-पाच फॅरनहाइट कमी करत जायचं. साठचा बल्ब लावला आणि निवांत झोपलो असं चालत नाही ताई, पहाटे चार ते सहा हाच काळ घातकी.

थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून किंचाळत असतील तर गार पडतंय. कडेला पांगून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर गरम होतंय. सगळी एकाच बाजूला चिकटली असतील तर दुसऱ्या बाजूने झुळूक येतेय. खोकंभर सैल पसरून झोपली तर तुम्ही पण झोपा.

मालेगावचा_भो:
अरे भो मानमोडी असेल, रानीखेत. लासोटा, म्हणजे त्याची लस, टाकली का? नसेल तर आजच्या आज सगळ्यांना टाका, नाहीतर उद्या खोकं रिकामं दिसंल.

द्राक्षबागाईत:
ताई शेजारी बाग आहे का कुणाची? आमच्याकडे पिंपळगावला सध्या फवारे चालूच असतात. फवारलेला घास, पालक काही कापून टाकला असेल पिल्लांना तर तेही कारण असू शकतं. मागे आमच्या गड्याने बांधावरचं गवत टाकलं कोंबड्यांना आणि दुपारपर्यंत दोन आडव्या झाल्या.

अंगणवेल:
सगळ्यांना धन्यवाद. एकेकाचं सांगते.

थंडीचं: थर्मामीटर आहे, बल्ब इन्व्हर्टरवर आहे त्यामुळे लाईट गेली तरी बंद पडत नाही. पिल्लं पसरून झोपतात. आणि ठिपक्या ढिगाखाली नव्हता, बल्बपासून जरा लांब एकटाच पडलेला होता.

हिरवं काही टाकलेलं नाही अजून. लेकीने परवा शिजलेला भात चार शितं टाकला होता एवढंच.

लासोटा अजून दिलेली नाही. एवढ्याशा पिल्लांसाठी बाटली मिळत नाही म्हणून राहिलं होतं.

सायली_पंचवटी:
अळणी भाताने काही होत नाही. पण मुलांवर लक्ष ठेवा, चिवडा-फरसाण टाकतात प्रेमाने. मिठाचं फार वाईट, कोंबडीच्या पिल्लाला आपल्यासारखं जास्तीचं मीठ बाहेर टाकता येत नाही, भडाभडा पाणी पितात, पोट पाण्यासारखं सुटतं आणि जातात.

सिन्नर_लेयर:
मी वीस वर्षं लेयर (अंड्याच्या कोंबड्या) करतोय म्हणून सांगतो. तुसात पाणी सांडलं की कॉक्सी आलीच. रक्ती हगवण. अँप्रोलियम पाण्यातून पाच दिवस द्या. आणि सोबत कोलिस्टिन मारा म्हणजे पोटातलं सगळं साफ. विचार करत बसू नका, विचार करेपर्यंत पिल्लं मरतात.

वाचनमात्र:
बर्ड फ्लू नाही ना हो? नांदूरमध्यमेश्वरला बाहेरचे पक्षी आलेत म्हणून वाचलं.

पर्यवेक्षक_काका:
मी पशुसंवर्धन खात्यातून पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालोय, डॉक्टर नाही, पण डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून शेकडो कोंबड्या फाडताना पाहिल्यात. वरती एका पिल्लावर थंडी, मानमोडी, विषबाधा, मीठ, कॉक्सी आणि बर्ड फ्लू एवढं सगळं झालं, आता फक्त दृष्ट लागायची राहिलीय.

ताई, आधी वय बघायचं. पिल्लू कितव्या दिवशी गेलं यावरच निम्मी कारणं गळून पडतात.

कॉक्सी घ्या. त्या जंतूची अंडी शिटेतून तुसात पडतात, ओलसर उबदार तुसात एक-दोन दिवस पिकतात, मग पिल्लू ती टिपतं, मग ती आतड्यात वाढतात आणि पुन्हा शिटेतून यायला पाच-सात दिवस जातात. अशा एक-दोन फेऱ्या झाल्या की मग जोर चढतो. म्हणून कॉक्सी साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दिसते. नवीन कोऱ्या खोक्यात, नवीन तुसात, आठ-नऊ दिवसांच्या पिल्लाला मारेल इतकी कॉक्सी कुठून येणार? शिवाय लाल शीट कुठे दिसली का? नाही. आणि सिन्नरवाले, अँप्रोलियम हे शरीरात बी-वन जीवनसत्त्वासारखं सोंग घेऊन काम करतं, उगाच देत राहिलात तर पिल्लालाच बी-वन कमी पडतं.

मानमोडी घ्या. या पिल्लांच्या आया पाड्यावरच्या, लस न टोचलेल्या, म्हणजे आईकडून आलेलं संरक्षण नाही, हा मुद्दा मालेगावकरांचा बरोबर. पण मानमोडी खोक्यात शिरली तर एकाला घेऊन गप्प बसत नाही. घरघर, तोंड उघडून श्वास, हिरवी पातळ शीट, जगली वाचली तर मान वाकडी. बाकीची बागडतायत म्हणताय, तेव्हा आज तरी ती नाही.

बर्ड फ्लू: २००६ साली नवापूरला आला तेव्हा शेडच्या शेड बसली होती. आसपास कावळे मरून पडतायत, शेजारच्या कोंबड्या धडाधड जातायत असं काही दिसलं तर हात न लावता १९६२ ला फोन करा. एका पिल्लासाठी नको.

आता मला सांगा. पिल्लू अजून आहे का, की पुरलं? पुरलं नसेल तर फ्रीजरमध्ये टाकू नका, बर्फाने आतलं मांस फाटतं मग काही कळत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत दुहेरी बांधून खालच्या कप्प्यात, किंवा एखाद्या डब्यात बर्फ घालून त्यात. आणि हातमोजे नसतील तर पिशवी हाताला गुंडाळून या गोष्टी बघा: भावंडांच्या मानाने वजन कसं होतं, पंखांची पिसं इतरांइतकी फुटली होती का, गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली की रिकामी, पोट कसं आहे, बेंबी कशी आहे, शेपटीखाली शीट चिकटलेली आहे का. आणि मशीनमधून निघताना ते कितवं निघालं होतं?

आडगावकर:
काकांना +१. तुसाबद्दल पण विचारा काका. आमच्याकडे एकदा पावसात भिजून वाळवलेलं तूस आलं होतं, वरून कोरडं पण मुठीत घेऊन वास घेतला तर कुबट. पिल्लं नुसती तोंड उघडून श्वास घेत होती, आवाज नाही, घरघर नाही, आणि रोज दोन-तीन जात होती. फाडल्यावर फुप्फुसावर पांढरे-पिवळे दाणे. बुरशी. त्याला औषध लागू पडत नाही, तूस बदलणं एवढंच हातात.

अंगणवेल:
काका, पुरलं नाहीये. सासरे खड्डा खणून बसले होते, मी पोस्ट वाचून अडवलं. तूस घोटीच्या राईस मिलमधलं आहे, आत्ता पुन्हा वास घेतला, छान कोरडं आहे, कुबट नाही.

आता ठिपक्याचं. तुम्ही विचारल्यावर नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं, रोज सगळी एकत्र बघताना जाणवत नव्हतं. बाकीच्यांना पंखांची पिसं चांगली दोन बोटं आलीत, याला निम्मी पण नाहीत. उचललं तर हलकं, छातीचं हाड हाताला लागतं. पण पोट मात्र मोठं, फुगलेलं, दाबलं तर लिबलिबीत, आणि कातडीखालून हिरवट-निळसर दिसतंय. बेंबीच्या जागी काळी खपली आहे, बाकीच्यांची उलटी करून बघितली तर तिथे काहीच नाही, गुळगुळीत. शेपटीखाली थोडी शीट वाळून चिकटलेली. गळ्याखाली थोडे दाणे आहेत म्हणजे काल खात होतं ते खरंच.

आणि हो, ते सगळ्यात शेवटी निघालं होतं, बाकीची निघून बराच वेळ झाल्यावर. आम्ही हात लावला नव्हता, आपणहूनच बाहेर आलं. बेंबीला दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं, दिसेनासं झालं म्हणून सुकून पडलं असेल असं वाटलं.

पर्यवेक्षक_काका:
मग मला जे वाटत होतं तेच. बलक नासला.

सविस्तर लिहितो कारण पुढे कुणाला उपयोगी पडेल. अंड्यातला पिवळा बलक म्हणजे पिल्लाची शिदोरी. एकविसाव्या दिवशी पिल्लू निघतं, त्याच्या एक-दोन दिवस आधी उरलेला सगळा बलक पिशवीसकट बेंबीतून पोटात ओढून घेतला जातो आणि मागे बेंबी मिटते. त्याच शिदोरीवर पिल्लू पहिले दोन-तीन दिवस काढतं, म्हणून तर हॅचरीवाले एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दूर गावी पाठवू शकतात, वाटेत ना दाणा ना पाणी. आईकडून मिळणारी रोगप्रतिकारशक्ती पण त्या बलकातूनच येते. आठवडाभरात तो आटून जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे.

पण बेंबी नीट मिटली नाही, किंवा अंड्याच्या कवचातूनच आधी जंतू आत गेलेले असले, बहुतेक वेळा ई. कोलाय, तर बलक म्हणजे जंतूंना आयतं जेवण. तो आटत नाही, पोटात तसाच राहून कुजतो. पिल्लाला शिदोरी मिळत नाही आणि वरून कुजल्याचं विष रक्तात जातं. बरीचशी दोन ते पाच दिवसांत जातात, ती पेंगताना दिसतात म्हणून मालक सावध होतो. काही चिवट निघतात. उभी राहतात, दाणा टिपतात, खेळतात पण, फक्त वाढत नाहीत. आणि एके रात्री जातात. तुम्हाला वाटतं अचानक गेलं, ते निघाल्यापासूनच जात होतं.

हा माझा अंदाज, तेही न बघता. पिशवी बर्फात घालून उद्या सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, डॉक्टर पाच मिनिटांत उघडून दाखवतील.

सिन्नर_लेयर:
म्हणजे ई. कोलायच ना? मग मी काय वेगळं सांगितलं, कोलिस्टिनच चालतं त्याच्यावर. बाकीच्यांना द्या पाण्यातून, पाच दिवस.

आडगावकर:
दादा, कोलिस्टिनवर २०१९ पासून बंदी आहे. कोंबड्या, जनावरं, मासे, खाद्य सगळ्यात. माणसांच्या हॉस्पिटलमध्ये बाकी काहीच लागू पडत नाही तेव्हा शेवटी काढायचं औषध आहे ते.

सिन्नर_लेयर:
बंदी काय, मिळतं अजून ओळखीने.

पर्यवेक्षक_काका:
ओळखीने बरंच काही मिळतं हो. मिळतं म्हणून द्यायचं का? आणि द्यायचं तरी कुणाला? जे आजारी होतं ते गेलं. जी बागडतायत, ज्यांची बेंबी गुळगुळीत आहे, पिसं वयाप्रमाणे आलीत, त्यांना कुठला आजार बरा करायचा? बलक कुजणं हे सर्दीसारखं याचं त्याला लागत नाही. ज्याला होतं त्यालाही औषधाचा उपयोग कमीच, कारण त्या कुजलेल्या गोळ्यापर्यंत औषध नीट पोचत नाही. मोठ्या शेडमध्ये पाच हजार पिल्लांत पाचशे अशी निघाली तर डॉक्टर तपासणी करून कुठलं औषध द्यायचं ते ठरवतील, तो वेगळा विषय आहे. घरच्या खोक्यात स्वच्छ पाणी, कोरडं तूस आणि ऊब. गूळपाणी, मल्टिव्हिटॅमिन द्यायचं तर द्या, त्याने कुणाचं वाईट होत नाही.

एक मात्र सांगतो ताई, लेकीला पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका आणि हात साबणाने धुवायला लावा. पिल्लं दिसायला गोजिरवाणी असतात पण शिटेत साल्मोनेला असू शकतो.

सायली_पंचवटी:
मुक्यांचं वाचून माझाच जीव गोळा झाला, आमची तर पिल्लं घेऊन सोफ्यावर बसते.

मालेगावचा_भो:
काका मानलं. पण मी म्हणतो जुन्या काळी कुठं होतं हे बलक-बिलक, खुडूक कोंबडी बसवायची डालग्यात, एकवीस दिवसांनी दहा-बारा पिल्लं घेऊन ती फिरायला. मशीन आलं अन् हे रोग आले.

पर्यवेक्षक_काका:
तेव्हाही व्हायचं, फक्त कोंबडी कमजोर पिल्लाला मागे सोडून पुढे जायची आणि घारीने किंवा मुंगसाने नेलं असं आपण समजायचो. पण तुमच्या बोलण्यात तथ्य आहे. कोंबडीला ओल आणि ऊब यांचा हिशोब उपजत कळतो, मशीनला आपण शिकवावा लागतो.

अंगणवेल:
आत्ताच दवाखान्यातून आले. मंडळी, काकांचं निदान तंतोतंत.

डॉक्टर तरुण होते, मला वाटलं हसतील एका पिल्लासाठी आली म्हणून, पण उलट खुश झाले की कुणीतरी बर्फात घालून आणलं. बहुतेक लोक वास मारायला लागल्यावर आणतात किंवा नुसता फोटो दाखवतात म्हणाले. ट्रेमध्ये उताणं ठेवलं, पिसं ओली केली म्हणजे उडत नाहीत, मग दोन्ही मांड्या बाजूला दाबून खुब्यातून मोकळ्या केल्या आणि शेपटीच्या बाजूने कात्रीने पोट उघडलं. मी तोंडाला रुमाल लावला, इतका घाण वास. बलकाची पिशवी अजून तशीच, सुपारीएवढी, बेंबीला आतून चिकटलेली. पिवळी नाहीच, हिरवट-तपकिरी, आणि आत फाटलेल्या दुधासारखी गुठळ्या-पाणी. डॉक्टर म्हणाले या वयाला इथे वाटाण्याहून मोठं काही दिसता कामा नये. यकृत सुजलेलं, त्यावर पिवळट झाक. फुप्फुसं स्वच्छ गुलाबी होती, म्हणजे बुरशी नाही. आतड्याची ती दोन टोकं असतात ती पण कापून दाखवली, आत रक्त नाही, म्हणजे कॉक्सी पण नाही.

जंतू नक्की कुठला ते बघायचं तर नमुना पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो, पण एका पिल्लासाठी गरज नाही, आणखी दोन-तीन गेली तर ताबडतोब या म्हणाले. बाकीच्यांना औषध काही दिलं नाही.

लेकीला सांगितलं की ठिपक्याच्या पोटात आधीपासूनच दुखत होतं. तिचा प्रश्न, मग तो खेळत कसा होता? मला उत्तर देता आलं नाही.

आता माझा पुढचा प्रश्न. दीर मशीन पुन्हा लावायचं म्हणतायत. यावेळी काय बघायचं?

द्राक्षबागाईत:
अंडी कशी आली होती मावशींकडून? शेण-माती लागलेली होती का?

अंगणवेल:
नाही नाही, मावशींनी एकदम लख्ख धुवून पाठवली होती, टोपलीत भाताच्या पेंढ्यात.

पर्यवेक्षक_काका:
हं. तिथे एक शंका घ्यायला जागा आहे.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यावर कोंबडीने दिलेला एक पातळ लेप असतो, तो वाळला की छिद्रं झाकली जातात. धुतलं की लेप गेला. त्यात गार पाण्याने धुतलं तर अजून वाईट, कारण आतलं गार होऊन आकसतं आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. खायची अंडी धुवा हवं तर. उबवायची अंडी मुळीच धुवायची नाहीत. थोडी माती असेल तर कोरड्या फडक्याने नाहीतर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासायची, जास्तच शीट लागलेली असेल तर ते अंडं ऑम्लेटला. मावशींना बोल लावू नका, पाहुण्याला द्यायची वस्तू माणूस धुवूनच देतो.

पण धुतली तर सगळीच ना? मग एकच का गेलं? म्हणून मी मशीनकडे पण बघेन. शेवटी निघालेलं, बेंबीला दोरा लोंबणारं पिल्लू हे बहुतेक वेळा तापमान किंवा ओलाव्याचं गणित चुकल्याचं लक्षण असतं. त्या मशीनमध्ये पंखा आहे का? ओलावा किती ठेवला होता?

अंगणवेल:
पंखा आहे. दिरांना विचारलं, तापमान ३७.७ होतं. ओलावा मशीनवरचा काटा बघून साठच्या आसपास, शेवटी जरा जास्त. मशीनवरचाच मीटर हं, वेगळा नाही.

आडगावकर:
तो मशीनवरचा मीटर हीच गोची. माझा बारा टक्के कमी दाखवायचा, मी साठ समजून पाणी भरत होतो आणि आत बहात्तर होतं. ओलावा जास्त झाला की अंड्यातलं पाणी उडत नाही, पिल्लू पाण्याने फुगलेलं राहतं, बलक आत पूर्ण ओढता येत नाही, बेंबी उघडी राहते.

वेगळा हायग्रोमीटर घ्या साधा, आणि तो पण तपासून घ्या. दोन चमचे मीठ एका झाकणात, त्यात थेंब थेंब पाणी घालून चिखल करायचा, पाणी वर तरंगता कामा नये. तो आणि मीटर एका घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवायचे. सकाळी मीटरने ७५ दाखवलं पाहिजे. ७० दाखवत असेल तर तो पाचने कमी सांगतो एवढं लक्षात ठेवायचं, झालं.

पर्यवेक्षक_काका:
हा मिठाचा प्रकार उत्तम. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे वजनकाटा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असतो त्यावर अंडी लावायच्या दिवशी मोजा आणि अठराव्या दिवशी मोजा. साधारण बारा-तेरा टक्के वजन घटलं पाहिजे. गावरान अंडं ४५ ग्रॅमचं धरलं तर साडेपाच ग्रॅमच्या आसपास. फारच कमी घटलं म्हणजे आत ओल जास्त, पुढच्या वेळी पाणी कमी ठेवा. पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के पुरे, अंडी फिरवणं बंद केल्यावर शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. त्या तीन दिवसांत कितीही उत्सुकता वाटली तरी झाकण उघडायचं नाही, उघडलं की ओल पळते आणि पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटतं.

अंडी आठवड्याच्या आतली घ्या, निमुळतं टोक खाली. आणि एक बॅच झाली की मशीन धुवून, पुसून, उन्हात वाळवून मगच दुसरी. पिल्लं निघतात तेव्हा आत जो लोकरीसारखा भुगा उडतो ना, तो सगळा जंतूंचा बाजार असतो.

सुरगाण्याचा_साग:
आमच्या पाड्यावर अजून खुडूक कोंबडीच बसवतात. आजी टोपलीत आधी राख पसरते, उवा होऊ नयेत म्हणून, वर पेंढा, आणि कडेला एक लोखंडी खिळा ठेवते, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. राखेचं मला पटतं. खिळ्याचं काकांनी सांगावं.

पर्यवेक्षक_काका:
खिळा कोंबडीच्या खाली येणार नाही एवढं बघा, बाकी आजीशी वाद मी घालणार नाही.

मालेगावचा_भो:
लासोटाचं राहिलंच की पण. त्या पोरांना लस तर पाहिजेच.

पर्यवेक्षक_काका:
हे मात्र बरोबर, आता मालेगावकरांचं ऐका. पाचव्या ते सातव्या दिवशी द्यायची असते, चार दिवस उशीर झाला तरी द्यायचीच, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. पण दोन-तीन दिवस थांबा, अजून कुणी मलूल होत नाही ना बघा, सुस्त पिल्लाला लस देत नाहीत. चौदाव्या दिवसाच्या सुमाराला गंबोरो रोगाची लस, आणि चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा.

अंगणवेल:
तीच तर पंचाईत आहे, मेडिकलवाला म्हणतो शंभर-दोनशे डोसचीच बाटली येते, अकरा पिल्लांसाठी घेऊन उरलेली फेकायची का?

आडगावकर:
मी शनिवारी उघडणार आहे बाटली, माझी दीडशे पिल्लं आहेत आणि बाटली दोनशेची. सकाळी आठच्या आत आलात तर तुमच्या वाटणीचं काढून देतो. विरघळवल्यावर तासा-दीड तासात संपवावी लागते, आणि बर्फावरच न्यायची, उन्हात डिकीत टाकून नाही. आडगावहून मखमलाबाद सकाळी अर्ध्या तासात होतं, रिंगरोडने जा, पंचवटीतून नको.

अंगणवेल:
अरे वा, नक्की येते. थर्मास आणते. पिल्लंच घेऊन आले तर? तुम्हीच थेंब टाकून दिले असते, मला भीती वाटते डोळ्यात टाकायची.

आडगावकर:
नको, पिल्लं घरीच ठेवा. माझ्या शेडची घाण तुमच्याकडे नको आणि तुमची माझ्याकडे नको. थेंब टाकायला सोपं आहे, उजव्या मुठीत पिल्लू, अंगठ्याने डोकं आडवं, एक थेंब, पापणी मिटली की सोडायचं. गेटपाशी फोन करा, मी बाहेर आणून देतो. येताना चप्पल धुतलेली असू द्या.